कव्हर सैल का झालं? चार चौकोनी कुशनं, पायपिंग, झिप आणि टाळलेला कच्चा टाका

पार्श्वभूमी

शिवणाऱ्या बाईला दोन वर्षांचा सराव होता. कुर्ते, पायजमे, उशांचे अभ्रे ती सहज शिवायची. मशीन घरगुती, फक्त सरळ टीप मारणारं. त्यासोबत नेहमीचा फूट (शिवताना कापड दाबून धरणारा भाग) आणि स्क्रू ढिला करून डावीकडे-उजवीकडे सरकवता येणारा एक झिप फूट होता. झिप फूट डब्यातून बाहेर पडलाच नव्हता.

काम होतं चार फोमच्या कुशनांना कव्हरं शिवण्याचं. प्रत्येक फोम ५० × ५० सेंटीमीटर, जाडी ८. वर आणि खाली एकेक चौकोन, मध्ये बाजूची पट्टी, वरच्या-खालच्या दोन्ही कडांना पायपिंग, म्हणजे दोरीवर कापडाची पट्टी गुंडाळून केलेली गोल कड, आणि मागच्या बाजूला झिप. कापड जाड सुती होतं, आधी धुऊन आटवून घेतलेलं. पायपिंगची दोरी सुती, ५ मिलीमीटर जाडीची. ही दोरी धुतलेली नव्हती. त्या वेळी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, तिला सल्ला देणाऱ्या माझ्याही नाही.

तिने चौकोन ५३ × ५३ कापले, म्हणजे चारी बाजूंना दीड सेंटीमीटर माया, शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड. बाजूची पट्टी ११ सेंटीमीटर रुंद. तिची तयार लांबी २०० सेंटीमीटर येईल असं बघून तिची दोन्ही टोकं आधीच जोडून कडं करून ठेवलं होतं. पायपिंगसाठी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत कापलेल्या, पट्ट्या ३ सेंटीमीटर रुंदीच्या, आणि त्या चारही कव्हरांना पुरतील इतक्या, सुमारे सतरा मीटर, एका बैठकीत कापून जोडून झाल्या होत्या. काम वेगानं व्हावं म्हणून सगळं आधी कापून ठेवायचं हा तिचा शिरस्ता. एरवी त्यात काही वावगं नाही.

अडचण

पहिलं कव्हर तयार झाल्यावर तिने मला फोटो पाठवला. तक्रारी तीन होत्या. चारही कोपऱ्यांपाशी बाजूच्या पट्टीत ताण आणि वरच्या चौकोनात चुण्या. झिप आणि पायपिंग यांच्यामध्ये चार-पाच मिलीमीटरची फट, तिच्यातून झिपचे दात दिसत होते, आणि एका ठिकाणी रनर (झिप उघडणारी सरकती कळ) पायपिंगला अडकत होता. तिसरी गोष्ट तिला सगळ्यात जास्त खुपत होती: पायपिंगच्या बुडाशी पहिल्या टिपेचा दोरा बाहेरून दिसत होता, अगदी कडेकडेनं, सलग.

"ताई, उरेब पट्टी ताणली गेली बहुतेक," असं तिचं निदान. उरेब ताणते हे खरंच, त्यामुळे मीही क्षणभर मान डोलावली. पण नुसत्या ताणण्यानं कव्हर सैल होत नाही. फोमवर चढवलेलं कव्हर वरून चिमटीत धरून उचललं, तर बोटभर कापड वर येत होतं.

मोजपट्टी लावल्यावर

तिच्या हातात उसवायचं हत्यार तयारच होतं. मी म्हटलं, आधी मोज. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हाच. उसवल्यावर पुरावा जातो.

तयार चौकोन एका पायपिंगपासून समोरच्या पायपिंगपर्यंत मोजला तर ५० नव्हे, ५१.६ सेंटीमीटर भरला. मग पायपिंग उलटून त्याची चपटी कड मोजली, म्हणजे दोरीलगतच्या टिपेपासून कापडाच्या काठापर्यंतचं अंतर. ते ७ मिलीमीटर निघालं, आणि तिथेच सगळा उलगडा झाला.

५ मिलीमीटर जाडीच्या दोरीचा घेर साधारण १६ मिलीमीटर. पट्टी ३० मिलीमीटरची. दोरीभोवती १६ गेले, उरले १४, दोन्हीकडे वाटले तर सात-सात. तिने पायपिंगचा काठ चौकोनाच्या काठाला काठ जुळवून लावला होता, कारण तसंच लावायचं असतं असं ती शिकली होती. पण तसं लावायचं असेल तर पायपिंगची चपटी कड मायेइतकीच, दीड सेंटीमीटर, असायला हवी. इथे टीप काठापासून ७ मिलीमीटरवर पडली, म्हणजे प्रत्येक बाजूला ८ मिलीमीटर कापड जास्त राहिलं आणि समोरासमोरच्या दोन बाजू मिळून चौकोन १६ मिलीमीटरनं मोठा झाला. चौकोनाचा घेर २०६.४ सेंटीमीटर आणि बाजूच्या पट्टीचं कडं २०० चं. साडेसहा सेंटीमीटर जास्तीचं कापड तिने नकळत कोपऱ्यांत दामटलं होतं. त्याच्याच या चुण्या.

उरेबचा दोष नव्हता आणि तिच्या हाताचाही नव्हता. चूक उरेब पट्टीच्या रुंदीत होती, आणि ती सतरा मीटर कापून झाली होती.

टीप दिसण्याचं कारण मात्र वेगळं. दोरी पट्टीत घालून पहिली टीप मारताना ती दोरीला अगदी घट्ट भिडवायची नसते, मिलीमीटर-दीड मिलीमीटर सोडून मारायची. शेवटची, सगळे थर जोडणारी टीप त्या पहिल्या टिपेच्या आत, दोरीच्या जवळून जायला हवी. तरच पहिली टीप मायेत गडप होते. तिने दोन्ही टिपा नेहमीच्या रुंद फूटनं मारल्या होत्या. तो फूट दोरीवर अर्धा चढतो आणि सुईला दोरीजवळ जाऊच देत नाही. झिप फूट नावाला झिपचा असला तरी पायपिंगसाठीही तोच लागतो. नाव पाहून माणसं फसतात.

समोर असलेले पर्याय

नव्या पट्ट्या कापणं हा पहिला पर्याय. घेराचे १६ आणि दोन्हीकडे १५-१५ मिळून ४६ मिलीमीटर. कापडाची जाडी धरून ५ सेंटीमीटर कापायची आणि टीप मारल्यावर कड नेमकी दीड सेंटीमीटरवर छाटायची. हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग, पण कापड तेवढं उरलेलं नव्हतं.

दुसरा, पट्ट्या त्याच ठेवून दोरी बारीक घेणं. ३ मिलीमीटर दोरीचा घेर साडेनऊच्या आसपास, त्यामुळे कड १० मिलीमीटर मिळते. मग चौकोन चारी बाजूंनी ५ मिलीमीटर छाटून ५२ चे करायचे, बाजूच्या पट्टीची मायाही एक सेंटीमीटर धरायची, आणि पुन्हा काठाला काठ जुळतो. पायपिंग मात्र बारीक दिसणार.

तिसरा, काहीच न बदलता फक्त जुळवण्याची पद्धत बदलणं. चौकोनाच्या सुलट बाजूवर काठापासून दीड सेंटीमीटरवर खडूची रेघ मारायची आणि पायपिंगची टीप त्या रेघेवर बसवायची, काठाकडे बघायचंच नाही. खर्च शून्य. पण काठाचा आधार गेला की पायपिंग इकडेतिकडे सरकतं, आणि ते रेघेवर धरून ठेवायला कच्चा टाका, म्हणजे नंतर काढून टाकायचा तात्पुरता टाका, लागतोच.

पायपिंग काढूनच टाकावं, हेही बोलण्यात आलं. तिने ते ऐकूनही घेतलं नाही.

झिपसाठीही दोन वाटा होत्या. झिप खालच्या पायपिंगलगतच ठेवायची तर ती उघडून पालथी करून पायपिंगच्या कडेवर अशी ठेवावी लागते की दात दोरीला टेकतील. मग दुसऱ्या बाजूची दुमडलेली कड दोरीपर्यंत आणून वरून टीप. छान जमलं तर झिप पायपिंगआड लपते. पण ७ मिलीमीटरच्या कडेवर झिपची पट्टी, तिच्यावर जाड कापड, असा खेळ नवख्या हातानं करू नये असं माझं मत होतं. दुसरी वाट म्हणजे झिप बाजूच्या पट्टीच्या मधोमध घालायची, पायपिंगपासून लांब.

तिने खडूची रेघ आणि मधली झिप निवडली. मी तेव्हा होकार दिला. आज विचारलं तर मी बारीक दोरीच्या बाजूनं बोलेन, त्याचं कारण पुढे येईल.

काय केलं: झिप

मागच्या बाजूच्या पट्टीऐवजी दोन तुकडे घेतले, प्रत्येकी ७ सेंटीमीटर रुंद. चार सेंटीमीटर तयार रुंदी, दीड बाहेरची माया, दीड मधली. झिप नुसती मागच्या ५० सेंटीमीटरपुरती न ठेवता दोन्ही कोपऱ्यांवरून सहा-सहा सेंटीमीटर पुढे वळवली, म्हणजे तयार लांबी ६२. फोम आत सरकवताना हे बारा सेंटीमीटर किती कामी येतात ते एकदा केल्याशिवाय कळत नाही.

इथला कच्चा टाका मशीनचा. दोन तुकडे सुलट बाजू आत करून दीड सेंटीमीटरवर टीप मारायची. टाका मशीनवर जितका लांब होईल तितका, तिच्याकडे ५ मिलीमीटर. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा ढिला. बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळात, कापडाहून उठून दिसणारा दोरा. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारायची नाही, नाहीतर काढताना तिथेच अडतं. मग माया दोन्हीकडे उघडून इस्त्री, आणि झिप पालथी करून दात बरोब्बर जोडरेषेवर. झिपच्या दोन्ही पट्ट्या हातानं लांब टाके घालून जागच्या जागी धरल्या. नंतर सुलट बाजूनं, जोडरेषेपासून ६ मिलीमीटरवर, झिप फूटनं दोन्हीकडे पक्की टीप.

रनरपाशी टीप वाकडी होते ही जुनी रड. त्यावर उपाय दोन. झिप चार-पाच सेंटीमीटर लांब घेऊन रनर शिवणीच्या पलीकडे ठेवावा. किंवा सुई कापडात रुतवून फूट उचलावा, रनर मागे सरकवावा, फूट टेकवून पुढे जावं. सुई वर असताना फूट उचलला तर कापड हलतं आणि तो वाकडेपणा कायमचा राहतो.

कच्ची टीप काढायची रीत तिला नवी होती. वरचा दोरा दर पाच-सहा सेंटीमीटरवर कापला, मग उलट बाजूनं बॉबिनचा दोरा टोकाला धरून ओढला. ताण ढिला असल्यामुळे तो सरळ पडलेला असतो, सरसर निघून येतो. दोन घड्या उघडल्या आणि आत झिप मधोमध दिसली. त्या वेळचा तिचा चेहरा मला आठवतो.

लगेच पुढच्या कव्हराला गडबड झाली. कच्च्या टाक्यासाठी ढिला केलेला ताण तिने पुन्हा जागेवर आणला नाही आणि झिपची पक्की टीप तशीच मारली. उलट बाजूला दोऱ्याची वेटोळी. पुन्हा उसवा. त्यानंतर तिने मशीनच्या चाकाजवळ कागदाचा चिठोरा चिकटवला: "ताण?" एवढंच.

आणखी एक. झिप मीटरवर घेतलेली, नायलॉनची, ५ नंबर. टोकांना अडथळा नसलेली. तिने रनर चढवला, झिप अर्धी उघडी ठेवली आणि जादा टोक छाटलं. रनर हातात आला. आधी दोन्ही टोकांशी दातांवरून हातानं सात-आठ घट्ट टाके, मगच कात्री, हा क्रम तेव्हापासून ठरला.

काय केलं: पायपिंग आणि कोपरे

दुसरं कव्हर करताना तिने एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध केली. झिपला मशीनचा कच्चा टाका इतका सुरेख चालला, की तिने पायपिंगही खडूच्या रेघेवर टाचण्यांनी धरून, मशीनच्या लांब टिपेनंच बसवलं, आणि बाजूची पट्टीही त्याच पद्धतीनं जोडली. माप अचूक होतं. तरी प्रत्येक बाजूच्या शेवटी वरच्या थराचं पाच-सहा मिलीमीटर कापड जास्त उरायला लागलं आणि कोपऱ्याची खूण पुढे सरकली.

याचं कारण मशीनच्या चालीत आहे. खालचे दाते खालचा थर पुढे ढकलतात, वरून फूट वरच्या थराला दाबून धरतो. दोन पातळ, सारखे थर असतील तर फरक कळत नाही. पण इथे मध्ये गोल दोरी, वर जाड कापड, आणि टाचण्यांनी आणखी उंचवटे. प्रत्येक टाक्यागणिक वरचा थर केसभर मागे राहतो आणि ५० सेंटीमीटरमध्ये तो हिशेब जमा होत जातो. कच्ची टीप मशीनवरच मारली तर तीही त्याच दात्यांखालून जाते, म्हणजे जी चूक टाळायची तीच चूक लांब टाक्यांनी करून ठेवायची. लांब टाक्यानं चूक स्वस्तात कळते इतकंच.

म्हणून तिसऱ्या कव्हराला वाटणी अशी केली. थर सारखे आणि सपाट असतील तिथे, म्हणजे झिपच्या जोडरेषेला, मशीनचा कच्चा टाका. थर असमान असतील तिथे, म्हणजे पायपिंग चौकोनावर बसवताना आणि बाजूची पट्टी जोडताना, हाताचा धावदोरा. कोपऱ्यांच्या दोन्हीकडे सहा-सात सेंटीमीटर टाके बारीक, मधल्या सरळ भागात लांब लांब. पट्ट्यांच्या टोकांचे छोटे जोड मात्र सरळ पक्के मारले. तिथे कच्चा टाका घालणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

कोपऱ्यात पायपिंग काटकोनात वळत नाही, वळवू नये. थोडी गोलाई द्यावी. कोपऱ्याशी चपट्या कडेला कात्रीचे तीन छोटे कात (छेद), टिपेपासून दोन मिलीमीटर अलीकडे थांबणारे. आता ७ मिलीमीटरच्या कडेत दोन सोडले तर काताला पाचच उरतात. कड पुरेशी उलगडत नाही, आणि हात जरा पुढे गेला की कात्री टिपेत. दोनदा तसं झालं. बारीक दोरी घेतली असती तर दहाची कड मिळून कात आठ मिलीमीटरचे झाले असते. खडूच्या रेघेचा पर्याय कागदावर फुकट दिसत होता, कोपऱ्यात त्यानं पैसे वसूल केले.

पायपिंगची दोन टोकं कोपऱ्यात न जोडता मागच्या बाजूच्या मध्यावर जोडली. एका टोकाची टीप तीन-चार सेंटीमीटर उसवून कापड उघडलं, दोन्ही दोऱ्या टोकाला टोक भिडतील अशा कापल्या, कापडाचं टोक सेंटीमीटरभर आत दुमडून दुसऱ्या टोकावर गुंडाळलं. दोऱ्यांची टोकं सुटू नयेत म्हणून तिने ती एकमेकांना दोऱ्यानं बांधूनही टाकली. नीटनेटकेपणाची सवय! हे बांधणं पुढे महागात पडलं.

शेवटची जोडटीप चौकोन वर ठेवून मारली, म्हणजे पायपिंग बसवलेली टीप डोळ्यासमोर राहते आणि तिच्या किंचित आतून जाता येतं. त्यामुळे कव्हर दोन-तीन मिलीमीटर आवळतं. फोमवर ते चांगलंच दिसतं. सुई १६ नंबरची. आधीची १४ ची कोपऱ्यातल्या थरांत मोडली होती. झिप फूट सरकवला की दर वेळी चाक हातानं एक फेरा फिरवून सुई फूटला लागत नाही ना हे बघायचं. दुसरा चौकोन जोडण्याआधी झिप अर्धी उघडायची. हे चौथ्या कव्हराला विसरलं गेलं, आणि आतल्या बाजूला गेलेला रनर कापडावरून चाचपत सरकवायला तिला बराच वेळ लागला.

परिणाम

चार कव्हरं झाली. तिसरं आणि चौथं उत्तम. दुसऱ्याच्या दोन कोपऱ्यांत शोधली तर बारीक चुणी सापडते. पहिलं पूर्ण उसवून पुन्हा केलं. चौकोन तेच राहिले, बाजूच्या कड्यातून साधा भाग कापून घेतला, झिपचा भाग नवा.

वेळेचा हिशेब तिनेच मांडला. दोन मीटरच्या एका घेराला हातानं कच्चा टाका घालायला तिला वीस-पंचवीस मिनिटं लागत. अडीच मिलीमीटरची पक्की टीप त्याच घेरात आठशे टाक्यांची होते, आणि पहिलं कव्हर उसवताना ती एकेक टाका उचलत होती. दोन घेरांना अख्खी दुपार गेली.

दोन कव्हरं पहिल्यांदा धुतल्यावर नवीन प्रकार. धुतलेल्या दोन्ही कव्हरांचं पायपिंग जागोजागी आखडलं, कडा फुलवल्यासारख्या दिसू लागल्या. कापड आधी आटवलेलं होतं, दोरी नव्हती. सुती दोरी पाण्यात आटते. तिची टोकं मोकळी असती तर ती नळीतल्या नळीत मागे सरकली असती. टोकं बांधलेली, म्हणून तिने सगळं कापडच ओढून घेतलं. मागच्या बाजूचा जोड उसवला, बांधलेला दोरा कापला, कडा हातानं ताणत गेलो तशी दोरी आत सरकली आणि जोडाशी चार सेंटीमीटरची पोकळी दिसली. उरलेल्या दोरीचा तुकडा भिजवून वाळवून तिथे बसवला, कापड पुन्हा दुमडून हातानं शिवलं.

वेगळं काय करता आलं असतं

दोरी घेतल्याबरोबर गरम पाण्यातून काढून वाळवायची. सतरा मीटर पट्टी कापण्याआधी वीस सेंटीमीटरचा नमुना करून त्याची चपटी कड मोजायची. दहा मिनिटांचं काम, आणि या प्रकरणातला निम्मा भाग घडलाच नसता. सगळं एकदम कापून ठेवायची तिची सवय मी मोडायला सांगणार नाही, पण पहिला नग पूर्ण झाल्यावरच बाकीचं कापावं. बाजूच्या पट्टीचं कडं आधी जोडूनही ठेवू नये. शेवटचा जोड चार-पाच सेंटीमीटर जास्त ठेवून अगदी अखेरीस, चौकोनावर मापून मारावा. तसं असतं तर साडेसहा सेंटीमीटरचा फरक चुण्यांत लपला नसता, पहिल्याच फेरीला टोकाशी उघडा पडला असता.

माझीही एक चूक. तिचं कापड मखमली असतं तर मशीनच्या कच्च्या टिपेचे व्रण राहिले असते, आणि रेक्झिनवर तर सुईची भोकं बुजतच नाहीत. तिचं कापड सुती, म्हणून निभावलं. मी ते तिला आधी सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे मशीनचा कच्चा टाका सगळीकडे चालतो असा तिचा समज झाला, आणि दुसरं कव्हर त्यातूनच बिघडलं.

उरलेली दोन कव्हरं अजून धुतलेली नाहीत. धुण्याआधी तिने त्यांच्या मागच्या जोडाचे तेवढे टाके उसवून आतला बांधलेला दोरा कापून ठेवला आहे, आणि चार सेंटीमीटरचे चार तुकडे भिजवून, वाळवून, बॉबिनच्या डब्यात.